दवाखान्याबाहेर हळू बोलणाऱ्यांचं काय करायचं?

बॉस्टनच्या कॉमनवेल्थ अव्हेन्यूवर एका दवाखान्यासमोर २०१४ पर्यंत फुटपाथवर एक पिवळी अर्धवर्तुळाकार रेषा रंगवलेली होती. दारापासून ३५ फुटांवर. दवाखाना उघडा असेल तेव्हा या रेषेच्या आत कुणी थांबायचं नाही, असा मॅसॅच्युसेट्स राज्याचा कायदा होता. आत जाणारे-येणारे, दवाखान्याचे कर्मचारी, पोलीस, रुग्णवाहिकावाले आणि पलीकडे कुठेतरी जायचं म्हणून तिथून नुसते चालत जाणारे, एवढ्यांनाच मुभा.

दवाखान्यात गर्भपाताची सेवा मिळायची. रेषा होती ती गर्भपाताला विरोध म्हणून दाराशी उभ्या राहणाऱ्यांसाठी. त्यांच्यापैकी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी कोर्टात गेल्या. आपण घोषणा देत नाही, वाट अडवत नाही, कुणाला घालूनपाडून बोलत नाही. येणाऱ्या बाईशी मायेनं दोन शब्द बोलायला बघतो आणि एक पत्रक देतो, एवढंच त्यांचं म्हणणं. २६ जून २०१४ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी ३५ फुटांचा कायदा घटनाबाह्य ठरवला. स्त्रियांच्या हक्कांसाठी हयात घालवलेल्या रूथ बेडर गिन्सबर्गही त्या नऊ जणांत होत्या.

हा निकाल पहिल्यांदा वाचणाऱ्याला बुचकळ्यात टाकतो. गर्भपाताचा हक्क मानणाऱ्या न्यायमूर्तींनी गर्भपात केंद्राचं कुंपण का काढलं? याचं उत्तर गर्भपात योग्य की अयोग्य या वादात मिळत नाही. ते फुटपाथ कुणाचा, या प्रश्नात आहे. दाराशी आरडाओरडा, धक्काबुक्की करणाऱ्यांना कसं आवरायचं हे प्रत्येक देशाच्या कायद्याला ठाऊक असतं. पंचाईत होते ती शांतपणे उभ्या राहणाऱ्यांची. या विषयावरचे अवघड खटले बहुतेक अशाच माणसांमुळे उभे राहिलेत.

आधी ही कुंपणं आली कुठून ते पाहू. १९७३ च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालानंतर अमेरिकेत गर्भपात कायदेशीर झाला, पण तो मोठ्या इस्पितळांत फारसा झाला नाही. त्यासाठी स्वतंत्र छोटी केंद्रं निघाली. ही बाब पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. मोठ्या इस्पितळाच्या दारातून आत जाणारी बाई कशासाठी जातेय हे बाहेरच्याला कळत नाही. स्वतंत्र केंद्राच्या दारात मात्र तो अंदाज लगेच बांधता येतो, त्यामुळे विरोधकांना उभं राहायला नेमकी जागा मिळाली. १९८० च्या दशकात शेकडो माणसं दारात बसून केंद्रं बंद पाडू लागली. १९९१ च्या उन्हाळ्यात कॅन्सस राज्यातल्या विचिटात यासाठी हजारोंना अटक झाली. मग गोळ्या चालल्या. मार्च १९९३ मध्ये फ्लोरिडातल्या पेन्सकोला इथे डॉ. डेव्हिड गन यांना केंद्राबाहेर मारलं. ३० डिसेंबर १९९४ ला बॉस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइनमध्ये दोन केंद्रांत शिरून एका माणसानं स्वागतकक्षातल्या दोन बायकांना ठार केलं. मॅसॅच्युसेट्सचा कायदा या रक्तामागून आलेला आहे, हे विसरून त्याच्याबद्दल बोलणं बरं नाही.

मे १९९४ मध्ये बिल क्लिंटन यांनी केंद्र सरकारच्या कायद्यावर सही केली. बळजबरी, धमकी किंवा अंगानं वाट अडवणं हा त्याखाली गुन्हा. (जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी या कायद्याखाली दोषी ठरलेल्या २३ जणांना माफी देऊन टाकली.) पण नुसत्या बोलण्याला हा कायदा हात लावत नाही. ते काम राज्यांनी आणि शहरांनी आपापल्या परीनं सुरू केलं, आणि तिथून कोर्टात फुटांचा हिशेब चालू झाला.

हा हिशेब समजायला अमेरिकी कायद्यातल्या दोन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली अशी की रस्ता, फुटपाथ आणि बाग या जागा बोलण्यासाठी पूर्वापार राखीव मानल्या जातात. तिथे सरकार कधी, कुठे, किती मोठ्यानं हे ठरवू शकतं; काय बोलायचं हे ठरवू शकत नाही. आपल्याकडे इस्पितळापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं, ते आठवा. तिथे लाउडस्पीकरवर अभंग लावा नाहीतर प्रचाराचं भाषण, नियम डेसिबल मोजतो, मजकूर मोजत नाही. अमेरिकी कोर्टाला असाच नियम लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे नियम निःपक्षपाती असला तरी तो गरजेपेक्षा जास्त बोलणं बंद पाडत असेल तर टिकत नाही. डास मारायला घर जाळायचं नाही, इतकं सोपं.

या दोन कसोट्यांवर १९९४ मध्ये फ्लोरिडातलं ३६ फुटांचं कुंपण टिकलं, कारण तिथे आधीचा मनाई हुकूम मोडून लोकांनी खरोखर दार अडवलं होतं. त्याच हुकुमातली ३०० फुटांच्या आत कुणाही रुग्णाजवळ त्याच्या संमतीशिवाय जायचं नाही ही अट मात्र रद्द झाली. १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातल्या खटल्यात दारापासूनचे ठरलेले १५ फूट चालले, पण रुग्णाबरोबर सरकणारे १५ फूट चालले नाहीत. फुटपाथवर माणसं मागेपुढे होत असताना आपण नक्की किती फुटांवर आहोत हे निदर्शकाला कसं कळणार? चुकून पाऊल पुढे पडलं तर गुन्हा. या भीतीनं तो बोलायचंच सोडून देईल, असं कोर्टाचं म्हणणं.

मग २००० साली ‘हिल विरुद्ध कोलोरॅडो’ आला, आणि वादाला खरी धार चढली. कोलोरॅडोच्या १९९३ च्या कायद्यानुसार कोणत्याही आरोग्य केंद्राच्या दारापासून १०० फुटांच्या आत दुसऱ्या माणसाच्या ८ फुटांहून जवळ त्याच्या संमतीशिवाय जायचं नाही. पत्रक द्यायला, फलक दाखवायला, किंवा तोंडी ‘निषेध, शिक्षण वा समुपदेशन’ करायला जात असाल तर. एका जागी उभं राहून बोललात आणि बाई स्वतः जवळून गेली तर गुन्हा नाही. सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा टिकला. न्या. जॉन पॉल स्टीव्हन्स यांचं म्हणणं असं की हा नियम सगळ्या आरोग्य केंद्रांना लागू आहे, गर्भपाताचं नावही त्यात नाही, आणि नको असलेलं बोलणं टाळण्याचा ऐकणाऱ्यालाही काही हक्क असतो. आठ फुटांवरून साधं बोलणं ऐकू येतंच.

न्या. स्कॅलिया यांनी विरोधी मतात या युक्तिवादाची सालटी काढली. मी तुमच्याजवळ येऊन किती वाजले विचारलं तर गुन्हा नाही, पण ‘एकदा विचार करा’ म्हटलं तर आहे. मग हा नियम मजकूर बघत नाही कसा? न्या. केनेडीही विरोधात गेले, आणि ते तर १९९२ मध्ये गर्भपाताच्या हक्काचा गाभा वाचवणाऱ्यांपैकी होते. आठ फुटांचं अंतर मला वाजवी वाटतं. पण ‘आम्ही मजकूर बघतच नाही’ हा दावा काही गळी उतरत नाही. निषेध आणि समुपदेशन हे शब्द कायद्यात आले ते एका विशिष्ट प्रकारच्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवूनच. हे उघडपणे मान्य करून, तरीही रुग्णाच्या हितासाठी एवढं बंधन हवं, असं म्हटलं असतं तर निकाल जास्त प्रामाणिक झाला असता. अमेरिकी कायद्याच्या चौकटीत तसं म्हणणं फार महागात पडतं, म्हणून ते टाळलं गेलं.

आता बॉस्टनच्या आजींकडे परत जाऊ. मॅसॅच्युसेट्सनं आधी कोलोरॅडोसारखाच सरकत्या अंतराचा कायदा करून पाहिला होता. पोलीस म्हणाले, अंमलबजावणी जमत नाही. कोण कुणाच्या किती जवळ गेलं याची रोज हुज्जत. म्हणून २००७ मध्ये सरळ ३५ फुटांची रेषा आखली. राबवायला सोपी, पण तिनं सगळ्यांना एकाच दावणीला बांधलं. अंगावर धावून जाणारा आणि हळूच ‘बाळा, काही मदत हवी का’ विचारणारी आजी, दोघंही रेषेबाहेर. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकालात याचा मजेशीर परिणाम टिपला आहे. रेषेबाहेरून आत जाणाऱ्या बाईपर्यंत पोचायचं तर या आजींना आवाज चढवावा लागायचा. शांतपणे बोलू पाहणाऱ्याला कायद्यानं ओरडणारा करून टाकलं.

रॉबर्ट्स यांनी राज्याला मग गृहपाठ विचारला. गर्दी होते म्हणता, ती कुठे? पुरावा पाहिला तर मुख्यतः एका ठिकाणी, एकाच वेळी: बॉस्टनच्या केंद्रासमोर, शनिवारी सकाळी. त्यासाठी राज्यभरच्या केंद्रांपुढे रेषा कशाला? वाट अडवण्याविरुद्ध आधीपासून कायदे आहेत, त्याखाली किती खटले भरले? राज्याला मागच्या १७ वर्षांतला एकही खटला दाखवता आला नाही. हा माझ्या मते निकालातला सगळ्यात वजनदार मुद्दा. हातातली साधनं न वापरता सरकार थेट फुटपाथ बंद करू बघत होतं. एकमत मात्र निकालापुरतंच होतं, कारणांवर नव्हतं. स्कॅलिया, केनेडी आणि थॉमस यांना ‘हिल’ही उलटवायचा होता, रॉबर्ट्स यांनी त्याला हात लावला नाही. महिनाभरात मॅसॅच्युसेट्सनं नवा कायदा केला. कुणी खरोखर वाट अडवली तर पोलीस लेखी हुकूम देऊन जमावाला ठरावीक तासांपुरतं दारापासून २५ फूट दूर पाठवू शकतात. आधी कृत्य, मग अंतर.

अटलांटिक ओलांडला की हिशेबाची रीतच बदलते. युरोपातल्या मानवाधिकार कराराच्या दहाव्या कलमात अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, आठव्यात खासगी आयुष्याचा हक्क. कोर्ट दोन्ही एकाच तराजूत घालतं. अमेरिकेत प्रश्न विचारला जातो तो सरकारला बोलणाऱ्याचं तोंड बंद करायचा काय अधिकार, असा. इथे त्याच्या जोडीला आणखी एक येतो: ऐकणारीला निघून जायचा पर्याय होता का? बाजारात भाषण नको असेल तर दुसऱ्या गल्लीतून जाता येतं. उपचार घ्यायला आलेल्या बाईला ते दार चुकवता येत नाही.

लंडनच्या पश्चिमेला ईलिंग भागात मॅटॉक लेन नावाचा रस्ता आहे. तिथल्या केंद्रासमोर वर्षानुवर्षं माणसं उभी राहायची. एप्रिल २०१८ मध्ये स्थानिक कौन्सिलनं ब्रिटनमधला असा पहिला मनाई आदेश काढला. पुढच्या वर्षी अपील कोर्टानं तो कायम ठेवला. नाजूक मनःस्थितीत आलेल्या बायकांचा खासगीपणा या वागण्यानं मोडतो, यावर कोर्टानं भर दिला. ७ डिसेंबर २०२२ ला उत्तर आयर्लंडच्या विधेयकावर ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टातल्या सात न्यायमूर्तींनी एकमतानं शिक्का मारला. त्या विधेयकात केंद्राभोवती किमान १०० मीटर, गरज पडली तर २५० मीटरपर्यंतचा पट्टा होता आणि जास्तीत जास्त दंड ५०० पौंड. स्कॉटलंडनं २०२४ मध्ये २०० मीटरचा कायदा ११८ विरुद्ध १ मतानं मंजूर केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये ३१ ऑक्टोबर २०२४ पासून १५० मीटर.

इंग्लंडच्या कायद्यात गुन्हा तीन प्रकारे घडतो: गर्भपाताच्या निर्णयावर ‘प्रभाव टाकणं’, वाट अडवणं, किंवा त्रास-भीती निर्माण करणं. शेवटचे दोन सरळ आहेत. पहिला शब्द सैल आहे, आणि त्यातूनच मूक प्रार्थनेचं प्रकरण निघालं. हे खटले कायदा यायच्या आधीच्या स्थानिक आदेशांखालचे आहेत, पण पेच तोच. डिसेंबर २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला एक बाई केंद्राजवळ नुसती उभी होती. केंद्र तेव्हा बंद होतं. पोलिसांनी विचारलं, प्रार्थना करताय का? मनातल्या मनात करत असेन, असं उत्तर आलं आणि अटक झाली. कोर्टात ती निर्दोष सुटली, आणि पुढे पोलिसांनी तिला १३,००० पौंड दिले. बोर्नमथला मात्र एक माजी सैनिक केंद्राजवळ झाडामागे काही मिनिटं मूक प्रार्थना करत उभा राहिला, ‘इथून निघा’ सांगितल्यावरही हलला नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दोषी ठरला. तुरुंग नाही, पण ९,००० पौंड खर्च भरायचा आदेश. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी म्युनिकच्या परिषदेत हेच उदाहरण देऊन ब्रिटनला चिमटे काढले. त्याच महिन्यात ग्लासगोच्या इस्पितळाजवळ एका ७४ वर्षांच्या बाईंना अटक झाली. हातातल्या फलकावर मजकूर असा की दबाव आणणं गुन्हा आहे, तुम्हाला हवं असेल तरच बोलायला मी इथे आहे. ते प्रकरण पुढे सोडून देण्यात आलं.

व्हान्स यांनी स्कॉटलंडच्या कायद्याबद्दल, लोकांना घरातल्या प्रार्थनेचीही भीती घातली जातेय असं जे चित्र रंगवलं, ते स्कॉटिश सरकारनं फेटाळलं. तरी मुद्द्यात दम आहे. माणसाच्या मनात काय चाललंय हे विचारून पोलीस गुन्हा ठरवणार असतील, तर शांत उभं राहणारा दुसरा माणूस, म्हणजे बसची वाट बघणारा, निर्दोष का ठरतो? केवळ मनातल्या मजकुरामुळे. दुसरी बाजूही ऐकायला हवी. केंद्रात येणाऱ्या बायकांच्या दृष्टीनं, रोज त्याच जागी उभं राहून आपल्याकडे टक लावून बघणारा माणूस ‘शांत’ असला तरी त्याच्या असण्याचा अर्थ त्यांना पुरेपूर कळतो. इंग्लंडच्या सरकारी वकिलांच्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच मूक प्रार्थना आपोआप गुन्हा होत नाही, प्रत्येक प्रसंग पाहावा, असं सांगतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की निर्णय रस्त्यावरच्या हवालदारावर सोडला आहे. यापेक्षा कायद्यानं कृत्य नेमकं सांगितलं असतं, म्हणजे थांबवणं, पाठलाग, चित्रीकरण, हातात वस्तू देणं, तर बरं झालं असतं.

आयर्लंडच्या कायद्यात या सैलपणावर एक बरा उतारा आहे. तिथे १०० मीटरच्या आत कुणी असं काही करताना सापडलं तर पोलीस आधी ताकीद देतात. त्यानंतरही ऐकलं नाही तर गुन्हा. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे लागू झालं. आयर्लंडमध्ये मुळात हा दिवस उजाडायला एका बेळगावच्या मुलीचा बळी गेला, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना आठवत असेल. दंतवैद्य सविता हलप्पनवार ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या इस्पितळात वारल्या. गर्भ वाचणार नाही हे दिसत असूनही, त्याचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला होता. २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी बंदी उठवायला मत दिलं, तेव्हा डब्लिनमध्ये त्यांच्या चित्रापुढे चिठ्ठ्यांचा ढीग लागला होता.

ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टानं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च कोर्टानं, २०१९ मध्ये आणखी वेगळी वाट धरली. तिथल्या घटनेत अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं स्वतंत्र कलम नाही, राजकीय संवादाचं स्वातंत्र्य तेवढं गृहीत धरलं जातं. मेलबर्नच्या केंद्राबाहेर एका जोडप्याला पत्रक देऊ पाहणाऱ्या बाईंच्या खटल्यात प्रश्न निघाला की हा राजकीय संवाद तरी आहे का. कायदा बदला असं सरकारला सांगणं राजकीय आहे. एका अनोळखी बाईला तिच्या पोटातल्या गर्भाबद्दल सांगणं राजकीय असल्याचं कोर्टाला दिसलं नाही. १५० मीटरचे दोन्ही कायदे टिकले, व्हिक्टोरियाचा आणि टास्मानियाचाही. बोलणाऱ्या बाई हे मान्य करणार नाहीत, पण भेद विचार करण्यासारखा आहे.

भारतात असा पट्टा का नाही, असं कुणी विचारेल. गरजच पडली नाही. १९७१ चा गर्भपात कायदा महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या शिफारशीतून आला, आणि तो आला आरोग्याचा आणि कुटुंबनियोजनाचा विषय म्हणून. गर्भपात होतो तो गावातल्या प्रसूतिगृहात किंवा सरकारी रुग्णालयात, जिथे बाकीचेही पेशंट असतात. फुटपाथवर कुणी उभं राहत नाही. आपल्याकडे बाईला अडवणारी माणसं बहुतेकदा घरातलीच असतात, आणि त्यांना कुठलीही रेषा लागू होत नाही.

अमेरिकेत २४ जून २०२२ ला ‘डॉब्ज’ निकालानं गर्भपाताचा घटनात्मक हक्कच काढून घेतला. त्या निकालात जाता जाता ‘हिल’चाही उल्लेख आहे, गर्भपाताच्या नादात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा कायदा कसा वाकवला गेला याचा दाखला म्हणून. म्हणजे ‘हिल’चे दिवस भरत आलेत हे सगळ्यांनी ओळखलं. इलिनॉय राज्याच्या दक्षिण भागात कार्बनडेल नावाचं छोटं विद्यापीठाचं शहर आहे. शेजारच्या राज्यांत बंदी आली तशी तिथे केंद्रं उघडली, मागोमाग विरोधक आले, आणि २०२३ मध्ये शहरानं कोलोरॅडोचाच आठ फुटांचा नियम उचलून लागू केला. विरोधक कोर्टात गेले. खालच्या कोर्टांनी ‘हिल’ दाखवून दावा फेटाळला. प्रकरण सुप्रीम कोर्टाकडे निघालं, तसा जुलै २०२४ मध्ये शहरानं आपला नियमच मागे घेतला. न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टर काउंटीनं आदल्या वर्षी हेच केलं होतं. डाव साधा आहे. नियमच उरला नाही तर कोर्टाला प्रकरण ऐकायचं कारण उरत नाही. आणि प्रकरण ऐकलं गेलं तर कार्बनडेलबरोबर कोलोरॅडोचाही कायदा जाईल.

२४ फेब्रुवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टानं कार्बनडेलचं प्रकरण ऐकायला नकार दिला. ऐकायचं तर चार न्यायमूर्तींची तयारी लागते. उघडपणे दोनच पुढे आले, थॉमस आणि अलिटो. ‘हिल’ आता नुसता नावापुरता उरलाय, तो आम्ही रद्द करायला हवा होता, असं थॉमस यांनी लिहून ठेवलं. ‘हिल’ तूर्त कायम आहे. त्याच्या आधारावर नवा नियम करायला निघालेलं शहर मात्र आता आधी वकिलाला विचारतं, खटला झालाच तर माघार कधी घ्यायची.